हुजूरपागा: शाळा निघाली, पण मुलींना शिकवायचं काय?

पेठकरीण

२९ सप्टेंबर १८८४ ला पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. त्यानंतर पंचवीस दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. एकच शहर, महिन्याभराचंही अंतर नाही. सोसायटीबद्दल, फर्ग्युसनबद्दल, टिळक-आगरकरांच्या वादाबद्दल आपण शाळेपासून वाचत आलो. हायस्कुलाबद्दल मात्र 'रानड्यांनी काढलं' या एका वाक्यावर विषय संपतो. मला ते फार लागतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ चे. चौघेच होते: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. यांपैकी वागळे सोडून बाकीचे तिघे बावीस वर्षांनी मुलींच्या हायस्कुलासाठी एकत्र आले. चौथे संस्थापक शंकर पांडुरंग पंडित, वेदाचे मोठे अभ्यासक. (संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव या त्यांच्याच कन्या.) या मंडळींनी संस्था काढली, सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे इंग्रज अधिकारी पाठीशी उभे राहिले. जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली. पेशव्यांच्या खाशा घोडदळाची पागा तिथे होती, तेच नाव शाळेला चिकटलं. पहिल्या लेडी सुपरिंटेंडेंट मिस हर्फर्ड.

१८८४ च का, हेही पाहण्यासारखं आहे. मुंबई विद्यापीठाने मुलींना परीक्षांचे दरवाजे उघडले ते १८८३ मध्ये. मॅट्रिकला बसता येईल, पण मॅट्रिकपर्यंत शिकवणारी शाळा पुण्यात नाही, अशी अवस्था होती. प्राथमिक शाळा होत्या, शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून होतं. मधली पायरीच नव्हती.

आणि ही मधली पायरीच सगळ्यात अवघड होती. प्राथमिक शाळेला लोकांनी कुरकुरत का होईना मान्यता दिली होती, कारण मुलगी आठ-नऊ वर्षांची होईतो शिकली तर कुणाचं फारसं अडत नव्हतं. हायस्कूल सुरू होतं ते अकरा-बाराव्या वर्षी. त्या काळी ते मुलीचं सासरी नांदायला जाण्याचं वय. म्हणजे हायस्कूल काढणं याचा अर्थ 'हिला अजून काही वर्षं आम्ही सोडणार नाही' असं समाजाला सांगणं. रानडे-भांडारकरांनी नेमक्या त्या ठिकाणी हात घातला, म्हणून एवढा गदारोळ झाला असं माझं ठाम मत आहे.

रमाबाई रानड्यांनी गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मुलींसाठी हायस्कूल हवं ही मागणी इंग्रजीत वाचून दाखवली होती. तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या. इंग्रजी शिकण्यावरून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. सभेत टाळ्या आणि माजघरात अबोला. एकाच दिवशी दोन्ही सोसायचं म्हणजे काय, याचा विचार केला की माझा त्यांच्याबद्दलचा आदर दुणावतो.

मला या शाळेच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: मुलींना शाळेत घेतलं, आता शिकवायचं काय? मुलांचंच सगळं, की 'मुलींचं' वेगळं? हे भांडण १८८४ ला सुरू झालं आणि आपल्या आयांच्या पिढीपर्यंत चाललं. ज्यांच्या घरात कुणी तिथे शिकलं असेल, ज्यांनी या काळावर वाचलं असेल, त्यांनी जरूर लिहा.

सह्यकडा

उत्तम विषय. एक शंका. मुलींची पहिली शाळा म्हणजे १८४८ ची, भिडेवाड्यातली, जोतिबा-सावित्रीबाईंची. मग हुजूरपागेलाही 'पहिली' म्हणतात ते कसं? दोन्हीकडे पाट्या लावून आपण गोंधळ वाढवतो.

जुनीपानं

सह्यकडा, भिडेवाड्यातली शाळा ही मुलींना अक्षरओळख, वाचन, गणित शिकवणारी पहिली भारतीय शाळा म्हणून गणली जाते. हुजूरपागा हायस्कूल आहे, मॅट्रिकपर्यंतचं. दोहोंत छत्तीस वर्षांचं अंतर आहे. देशपातळीवर पाहिलं तर कलकत्त्याचं बेथ्यून १८४९ चं आणि मुंबईत माणेकजी कर्सेटजींनी काढलेली अलेक्झांड्रा १८६३ ची. तेव्हा 'देशातली पहिली' असं छातीठोक न म्हणता 'भारतीयांनी चालवलेल्या मुलींच्या सर्वांत जुन्या हायस्कुलांपैकी एक' म्हटलं तर कुणाचाच मान कमी होत नाही.

मला त्या छत्तीस वर्षांचंच जास्त वाटतं. १८४८ मध्ये सावित्रीबाईंनी दार उघडलं आणि पुढची इयत्ता उपलब्ध व्हायला एवढा काळ गेला. मधल्या काळात शिकलेल्या हुशार मुलींनी पुढे काय केलं असेल?

आता टिळकांच्या विरोधाबद्दल, कारण तो विषय निघणारच. टिळकांच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकातून या शाळेवर सतत टीका झाली. १८८७ मध्ये तर शाळेच्या अभ्यासक्रमावर लेखच आले. मुद्दे साधारण असे: शाळा अकरा ते पाच असते, त्यामुळे मुली घरकामाला मुकतात, ती तीन तासांवर आणावी. इंग्रजीचा भर कमी करावा. मराठी, शिवणकाम, नीतिधर्म, गृहकृत्यं यांना महत्त्व द्यावं. 'केसरी'चे संपादक तेव्हा आगरकर होते आणि त्यांचं मत नेमकं उलट. त्याच वर्षी ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केलं. 'स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे' हा त्यांचा निबंध 'सुधारका'तलाच. त्या शीर्षकातले दोन्ही मुद्दे आजही कितीजण मनापासून मान्य करतील ते सांगा.

गोदातीर

टिळकांवर एवढ्या घाईने शिक्का मारू नये असं मला वाटतं. ते मुलींनी शिकूच नये म्हणत नव्हते. परक्या सरकारच्या साच्यातलं शिक्षण जसंच्या तसं घेऊ नये, हा त्यांचा आग्रह मुलांच्या शिक्षणाबाबतही होता. शाळेला सरकारी अनुदान, प्रमुख इंग्रज बाई, अभ्यासक्रम इंग्रजी. हे पाहून त्या काळच्या राष्ट्रवादी माणसाला शंका येणं अस्वाभाविक नाही.

जुनीपानं

गोदातीर, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण त्याच टिळकांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढायला मदत केली, नावातच इंग्लिश. मुलांना इंग्रजी दिलं तर ते राष्ट्र उभारतील आणि मुलींना दिलं तर घर मोडेल, हा फरक राष्ट्रवादातून निघत नाही. तो दुसऱ्या कुठून तरी येतो. आणि 'तीन तास' हा मुद्दा अभ्यासक्रमाचा नाहीच, तो मुलीच्या दिवसावर हक्क कुणाचा याचा आहे.

पेठकरीण

जुनीपानं, अगदी नेमकं! मुलीच्या दिवसावर हक्क कुणाचा. अकरा ते पाच म्हणजे सहा तास ती घराच्या हाताबाहेर. पाणी, पाळणा, स्वयंपाक, वडीलधाऱ्यांची उठबस यांतून सहा तास मोकळे. शिकवलेला एकही धडा डोक्यात राहिला नाही तरी ते सहा तास तिचे होते.

पण चित्र सरळ दोन बाजूंचं नाही हेही सांगते. वेगळा अभ्यासक्रम हवा हे म्हणणारे फक्त सनातनी नव्हते. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते मुळातच या विचारावर, की बायकांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं आणि त्यात गृहशास्त्र, आरोग्य यांना जागा असावी. आणि त्या विद्यापीठाचे पहिले कुलपती कोण? हुजूरपागेच्या संस्थापकांपैकी भांडारकर! म्हणजे ज्या माणसाने १८८४ मध्ये मुलींना मॅट्रिकच्या वाटेवर नेलं, तोच माणूस तीस वर्षांनी वेगळ्या वाटेलाही पाठिंबा देतो. मला यात विसंगती दिसत नाही. मॅट्रिकची वाट मोजक्या घरांतल्या मुलींनाच झेपत होती आणि बाकीच्यांसाठी काहीतरी करायला हवं होतं, हे त्यांना दिसत असणार.

मातीचा_माणूस

'मोजक्या घरांतल्या' हे तुम्ही स्वतःच म्हणालात ते बरं झालं, कारण मी तेवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो.

शिक्षणाची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचं सार असं, की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी खेड्यापाड्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हे लक्षात ठेवून दोन वर्षांनंतरच्या या हायस्कुलाकडे पाहा. फी भरू शकणारं, मुलीला बारा-तेरा वर्षांपर्यंत घरकामातून मोकळं ठेवू शकणारं, इंग्रजीचं महत्त्व कळलेलं घर कुणाचं असणार? पेठांतलं, नोकरदार, बहुतांशी ब्राह्मण किंवा तत्सम. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मुलीसाठी ते दार प्रवेश परीक्षेविनाच बंद होतं.

मी शाळेचं महत्त्व नाकारत नाही. पण निवड फक्त गुणांवर होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रत्येक नामांकित शाळेच्या बाबतीत विचारावं: परीक्षेला बसण्याआधीच कोण गळालं?

पेठकरीण

मातीचा_माणूस, या प्रतिसादाशिवाय धागा अपुरा राहिला असता. माझ्या माहेरच्या बायका तिथे शिकू शकल्या याचं कारण त्यांची हुशारी जेवढी, तेवढंच आजोबांची सरकारी नोकरी आणि पेठेतलं घर. ते मी मोकळेपणाने मानते.

कोयनाकाठ

पुण्याबाहेरच्या मुलींबद्दलही लिहायला हवं. शाळेचं वसतिगृह होतं म्हणून कित्येकींचं शिक्षण झालं. इरावती कर्वे त्यांतल्याच. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. वडील तिकडे नोकरीला. सातव्या वर्षी लेकीला समुद्रापलीकडून पुण्याला, हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर परांजपे यांच्या घराचं दार उघडलं. पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट आणि मानवशास्त्रातलं ते सगळं काम.

एका वर्गातल्या दोन मुलींची गट्टी जमली आणि एकीला पुस्तकांनी भरलेलं घर मिळालं. माझ्या मते चांगल्या शाळेचं निम्मं काम हेच: सारख्या ओढीच्या मुलींना एकमेकींपर्यंत पोचवणं. खेड्यातली एकटी हुशार मुलगी वेडी ठरते. तशा चाळीसजणी एका खोलीत बसल्या की तो वर्ग होतो.

शांता शेळके याही तिथल्याच. जन्म इंदापूरचा, बालपण खेड-मंचरच्या परिसरात, वडील लवकर गेलेले. मग पुण्यात हुजूरपागा आणि पुढे एस. पी. कॉलेज.

अवनी_मेलबर्न

परदेशातून एक जोड देते, विषयाला धरूनच आहे.

इथे मॅक रॉबर्टसन गर्ल्स हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे, मराठी आईबापांच्या गप्पांत तिचं नाव हमखास निघतं. प्रवेश फक्त परीक्षेवर, नववीपासून. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अशा चारच शाळा आहेत, त्यातली मुलींची ही एकटी. आठवीतल्या मुली परीक्षेला बसतात, त्यासाठी क्लास लावतात. एकाच शाळेतून फार मुली येऊ नयेत म्हणून पाच टक्क्यांची मर्यादाही आहे.

पण मला सांगायचाय तो तिचा इतिहास. १९०५ मध्ये राज्याचं पहिलं सरकारी माध्यमिक विद्यालय सुरू झालं, मुलं-मुली एकत्र. १९२७ मध्ये मुलांना टेकडीवर नवी देखणी इमारत मिळाली. मुली मागे, त्याच जुन्या पडक्या इमारतीत. ती राहण्याजोगी उरली नाही तेव्हा त्यांची सोय कुठे केली? मंदीच्या काळात गव्हर्नरचा बंगला रिकामा पडला होता, तिथे! वर्ग तिथे भरायचे. शेवटी मॅकफर्सन रॉबर्टसन या चॉकलेटच्या कारखानदाराने राज्याच्या शताब्दीसाठी एक लाख पौंड दिले, त्यातले चाळीस हजार या शाळेला. १९३४ मध्ये आजची इमारत उभी राहिली.

पुण्यात पागेची जागा, इथे रिकामा बंगला. मुलींच्या शाळेला जागा मिळाली ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या कामाची न उरलेली. आणि पैसा आला तो कुणा एका दानशूराच्या मनात आलं म्हणून. मुलांच्या शाळांना मात्र तो अर्थसंकल्पातून मिळत गेला. हे वाचल्यापासून मी इथल्या आयांना सांगते, की प्रवेश परीक्षेच्या गुणांइतकंच मुलींना हेही माहीत असू दे.

सह्यकडा

अवनीताई, गव्हर्नरच्या बंगल्याची गोष्ट पहिल्यांदाच कळली. फार सुंदर जोड.

वैदेही_दा

माझी आजी चाळीसच्या दशकात हुजूरपागेत होती. मॅट्रिक झाली आणि लगेच लग्न, कोकणात. कॉलेज नाही, नोकरी नाही. कुणी म्हणेल शिक्षण वाया गेलं. पण गावात पोस्टातून इंग्रजी कागद आला की तो आजीकडे यायचा. कूळकायद्याच्या दिवसांत कित्येकांचे अर्ज तिने लिहून दिले. घरच्या जमिनीचा हिशेब तिच्याकडे होता, आणि आजोबा तिला विचारल्याशिवाय सही करत नसत. माझ्या दोन्ही आत्या ग्रॅज्युएट झाल्या कारण आजीने हट्ट धरला. आजोबांचं म्हणणं होतं सातवी पुरे.

शाळेच्या यादीत अशा बायकांची नावं येत नाहीत. यादीत लेखिका, शास्त्रज्ञ, डॉक्टर. पण मला वाटतं शाळेने जास्तीत जास्त घडवलं ते अशाच बायकांना, ज्यांनी पुढच्या पिढीसाठी घरात भांडण केलं.

सूक्ष्मदर्शी

पेठकरीण यांचा मूळ प्रश्न, शिकवायचं काय, तो १८८७ मध्ये संपला नाही याचा पुरावा द्यायला आलोय.

डॉ. रोहिणी गोडबोले, कणभौतिकीतल्या जगन्मान्य शास्त्रज्ञ, २०१९ च्या पद्मश्री, ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या. त्या हुजूरपागेच्या. १९५२ चा जन्म, म्हणजे शाळा साठच्या दशकातली. त्यांनी स्वतः लिहिलंय, की सातवीपर्यंत शाळेत विज्ञान नव्हतंच, होतं ते गृहविज्ञान. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला विज्ञान लागायचं, म्हणून ते वेगळं शिकून घ्यावं लागलं. आणि ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या शाळेतल्या पहिल्या मुलगी ठरल्या.

नीट विचार करा. ऐंशी वर्षं झालेली, मुलींच्या शिक्षणासाठीच निघालेली शाळा. बाहेर देश अणुभट्ट्या उभारत होता. आणि परीक्षा सगळ्यांसाठी एक असताना मुलींच्या हातात विज्ञानाचं पुस्तकच नाही. हा काही एका शाळेचा दोष नव्हे, तेव्हा राज्यातल्या मुलींच्या कितीतरी शाळांत 'मुलींचे विषय' असेच ठरलेले होते. पण अभ्यासक्रमातल्या एका रकान्यामुळे किती जणी शर्यतीच्या बाहेर राहिल्या असतील! गोडबोल्यांना शिकवायला कुणीतरी पुढे आलं. ज्यांच्यासाठी कुणी आलं नाही त्यांचा हिशेब कुठेच नाही.

त्यांनी नंतरच्या आयुष्यात विज्ञानातल्या स्त्रियांसाठी जे सातत्याने काम केलं, भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आठवणी गोळा करून छापल्या, त्यामागे तो सातवीचा अनुभव नसेल असं मला वाटत नाही.

गोदातीर

सूक्ष्मदर्शी, हा प्रतिसाद वाचून थांबलो. गृहविज्ञान मुलांनाही ठेवलं असतं तर माझा त्याला पाठिंबाच असता. स्वयंपाक, पोषण, शिवण, घरखर्च हे ज्ञानच आहे आणि कर्व्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली ती योग्यच. गाडं बिघडलं ते तिथे, जिथे हे शिकायचं असेल तर विज्ञान सोडा अशी अट आली.

पेठकरीण

गोदातीर, या वाक्यावर आपलं एकमत. 'हे' किंवा 'ते' अशी निवड मुलींवरच का लादली, माझं भांडण तेवढंच आहे.

जुनीपानं

मग आगरकरांच्या दुसऱ्या निम्म्याचं काय? 'तेही एकत्र द्यावे.' एकच शिक्षण आपण सगळे मान्य करतोय. मग मुलींच्या वेगळ्या शाळा आज तरी कशाला?

कोयनाकाठ

मी शिक्षिका आहे, दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवलंय. मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेतलं उपकरण मुलीच हाताळतात, विद्यार्थी प्रतिनिधी मुलगीच असते, मैदानही मुलींचंच. मिश्र शाळेत मुलगा बीकर धरतो आणि मुलगी निरीक्षणं लिहिते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि शिक्षकांचंही तिकडे लक्ष नसतं. ते बदलणं अशक्य नाही, पण त्यासाठी रोज जागं राहावं लागतं. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी अजूनही असे बाप आहेत, जे मुलींची शाळा आहे म्हणूनच आठवीला पाठवतात. ते दार बंद केलं तर ती मुलगी मिश्र शाळेत जाणार नाही, घरी बसेल.

मातीचा_माणूस

कोयनाकाठ यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना पूर्ण पाठिंबा. माझ्या तालुक्यात कन्याशाळेची एस. टी. चुकली की दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेबद्दल घरात चर्चा सुरू होते. वेगळी शाळा हवी की एकत्र, हा वाद पुण्यात बसून घालावा. आमच्याकडे आधी सकाळची बस वेळेवर हवी.

सह्यकडा

शाळेच्या नावातलं 'एच. एच. सी. पी.' म्हणजे काय ते कुणी सांगेल का? इतकी वर्षं पाटी वाचतोय.

पेठकरीण

सह्यकडा, हिज हायनेस चिंतामणराव पटवर्धन, सांगलीचे. देणगीमुळे त्यांचं नाव शाळेला दिलं. म्हणजे जागा जमखंडीच्या पटवर्धनांची, नाव सांगलीच्या पटवर्धनांचं, आणि लोकांच्या तोंडी मात्र हुजूरपागाच.

मातीचा_माणूस, बसच्या वेळापत्रकाबद्दल तुमच्या तालुक्यातल्या पालकांनी निवेदन दिलं आहे का? नसेल तर मसुदा करायला मी मदत करते, व्यक्तिगत संदेश पाठवा. वैदेही_दा, आजींच्या काळातली प्रगतिपुस्तकं किंवा शाळेचे वार्षिक अंक घरात असतील तर विषयांची यादी इथे टंका. १८८७ आणि १९६० च्या मधली कडी त्यातून जुळेल.